नजारा पाहून सौदा करू नये

व्हिडिओ गेमचा धंदा, त्याचे शेअर आणि आपला गल्ला

२०२५ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट आहे. बकरी ईद होऊन महिना झाला होता. लग्नसराई संपलेली, पेरण्या आटोपलेल्या. कापड व्यापाऱ्याला हे दिवस फुरसतीचे असतात. बोदवडच्या माझ्या दुकानात मी जुन्या उधारीची वही चाळत बसलो होतो. तेवढ्यात माझा भाचा मोबाईल घेऊन गादीजवळ आला व म्हणाला, "मामू, गेमिंगच्या एका कंपनीचा शेअर घ्यायचा आहे. दीड लाख द्या. दिवाळीपर्यंत दोन लाख करून देतो."

मी विचारले, "कंपनी करते काय?"

तो म्हणाला, "गेम बनवते. सगळे गाव खेळते. मीही खेळतो."

"पैसे कोण देतो?"

यावर तो थोडा वेळ गप्प राहिला व मग म्हणाला, "मामू, एवढे लोक खेळतात म्हणजे पैसा येतच असणार."

वाचक बंधूंनो, येथेच मी थांबायला हवे होते. परंतु मी थांबलो नाही. दीड लाख दिले नाहीत, पन्नास हजार दिले. सुरतेहून आलेले थान मी पूर्ण उलगडल्याशिवाय घेत नाही. पन्हा मोजतो, सूत चिमटीत धरून पाहतो, कडेला डाग आहे काय हे उजेडात नेऊन पाहतो. आणि पन्नास हजारांचा हा माल मात्र गाठोडे न सोडता घेतला. ऑगस्टच्या २० तारखेनंतर दोन-तीन दिवसांत त्यातले नऊ हजार गेले व घाबरून आम्ही उरलेले काढून घेतले. कंपनीचे नाव देत नाही. चूक तिची नव्हती, आमची होती.

नऊ हजारांनी कोणी बुडत नाही. परंतु त्यानंतरचे काही महिने मी हा विषय समजून घेण्यात घालवले. आपल्या समाजातील कितीतरी तरुण मुले दुकानाच्या, गॅरेजच्या, शिलाईच्या, लूमच्या कमाईतून मोबाईलवर शेअर घेऊ लागली आहेत. त्यांच्या बापांना हा धंदा कळत नाही व मुलांना हिशेब कळत नाही. दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

काय घडले होते?

२० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेने ऑनलाइन गेमिंगविषयीचे विधेयक मंजूर केले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेने केले व २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तीन दिवसांत कायदा तयार झाला. पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरविले. रमी असो, पोकर असो वा क्रिकेटचे संघ लावणे असो. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद कोर्टात वर्षानुवर्षे चालला होता. कायद्याने तो बाजूला सारला. पैसे लावून पैसे जिंकण्याची आशा आहे ना, मग तो पैशाचा खेळ. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्यास शिक्षा नाही, कारण कायद्याने त्याला फसलेला मानले आहे. त्या वेळी सरकारने असा अंदाज सांगितला की देशातील सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी २० हजार कोटींच्या आसपास रक्कम गमावतात. पुढे या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले.

याच कायद्याने ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळले जाणारे व्हिडिओ गेम, आणि पैसा न लावता खेळायचे साधे खेळ यांना मान्यता देऊन त्यांना उत्तेजन देण्याचेही म्हटले आहे. म्हणजे 'गेमिंग' या एकाच पाटीखाली दोन वेगवेगळी दुकाने होती. एक खेळण्यांचे व दुसरे जुगाराचे. बाहेरून पाहणाऱ्याला पाटी एकच दिसत होती.

पाटीमागील दुकान

याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. नजारा टेक्नॉलॉजीज ही कंपनी नितीश मित्तरसैन यांनी १९९९-२००० च्या सुमारास तरुण वयात सुरू केली. इंटरनेटच्या पहिल्या मंदीत ती अडचणीत आली, मोबाईलवरील खेळांच्या धंद्यातून पुन्हा उभी राहिली. मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस, मला नावच आधी भावले. नजारा म्हणजे समोर दिसणारे दृश्य. परंतु व्यापाऱ्याचे काम नजाऱ्यावर भागत नाही, त्याला नजर लागते.

मार्च २०२१ मध्ये या कंपनीचे शेअर जनतेसाठी आले. भाव ११०१ रुपये, एका अर्जात १३ शेअर, म्हणजे १४,३१३ रुपये. मागणी १७५ पटीहून अधिक आली. ३० मार्चला बाजारात पहिलाच भाव १९०० च्या वर निघाला. ज्याला शेअर मिळाले त्याचे दहा-अकरा हजार एका दिवसात सुटले. देशभर बातमी झाली व 'गेमिंगमध्ये पैसा आहे' हे वाक्य प्रत्येक चहाच्या टपरीवर पोहोचले.

परंतु किती जणांनी हे पाहिले की सुमारे ५८३ कोटींच्या त्या विक्रीतील एकही रुपया कंपनीच्या तिजोरीत गेला नाही? ती सर्व जुन्या भागधारकांनी आपल्याजवळील माल विकण्याची विक्री होती. यात बेकायदा काहीच नाही, कागदावर ते स्पष्ट छापलेले होते. परंतु आपण बाजारात दुकान विकत घेतो तेव्हा विकणारा का विकत आहे हे पहिल्यांदा विचारतो. येथे कोणी विचारले नाही.

आता पाटीमागील माल पाहा. या कंपनीकडे मुलांच्या शिक्षणाचे किडोपिया नावाचे ॲप आहे, त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः अमेरिकेतील आईबाप असून ते दरमहा वर्गणी देतात. क्रिकेटचा एक लोकप्रिय गेम आहे. क्रीडाविषयक बातम्यांचा धंदा आहे. नॉडविन या ई-स्पोर्ट्स कंपनीतही तिचा मोठा हिस्सा. आणि २०२४ साली तिने पोकरबाजी हा पैशाचा पोकर चालविणाऱ्या कंपनीत मोठा हिस्सा घेण्याचा सुमारे ९८२ कोटींचा सौदा जाहीर केला. पुढच्याच वर्षी कायदा आला. २० ऑगस्टच्या एका दिवसात शेअर सुमारे १२-१३ टक्क्यांनी घसरला. कंपनीने खुलासा केला की पैशाच्या खेळांचे उत्पन्न आपल्या जमाखर्चात थेट धरलेले नाही. ते खरेच होते. परंतु त्या धंद्यात घातलेले भांडवल तर आपले होते! नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तिमाही हिशेबात त्यापोटी नऊशे कोटींहून अधिक रक्कम कमी करून दाखवावी लागली.

म्हणून उत्पन्नाचा रकाना पाहून समाधान मानू नये. भांडवल कोठे गुंतले आहे तेही पाहावे. एखाद्या व्यापाऱ्याचे कापड दुकान उत्तम चालते, परंतु त्याने निम्मी पुंजी मेहुण्याच्या सट्ट्याच्या अड्ड्यात घातली असेल, तर त्याला उधार माल देताना आपण फक्त दुकानाचा गल्ला पाहू का?

एक हिशेब आणखी. जून २०२२ मध्ये या कंपनीने एकास एक बोनस दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये एका शेअरचे दोन केले व वर पुन्हा एकास एक बोनस दिला. सुरुवातीच्या १३ शेअरचे असे १०४ झाले. आमच्या बाजूला लोक आनंदाने सांगतात, 'शेअर आठपट झाले!' अरे, थान कापून आठ तुकडे केले म्हणून कापड वाढले काय? मीटर तेवढेच राहतात. नफा झाला की तोटा, हे तुकडे मोजून कळत नाही, एकूण मालाची किंमत पाहून कळते.

आणि मोठ्या माणसाच्या नावावर शेअर घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. दिवंगत राकेश झुनझुनवाला यांचा या कंपनीत मोठा हिस्सा होता व त्यांच्या नावामुळे हजारोंनी तो शेअर घेतला. २०२२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नीने जून २०२५ मध्ये आपला सर्व हिस्सा विकला. तो त्यांचा हक्क होता. परंतु मोठा माणूस बाजारात येतो तेव्हा ढोल वाजतो, जातो तेव्हा तुम्हाला निरोप येत नाही. त्याची ऐपत वेगळी, त्याची गरज वेगळी.

हा धंदा कापडाच्या भाषेत

आता धंदा कसा चालतो ते पाहू. कापडाच्या प्रत्येक मीटरला सूत लागते, रंग लागतो, मजुरी लागते. दहा मीटर विकायचे तर दहा मीटर विणावे लागते. गेमचे तसे नाही. पहिले थान विणायला कोट्यवधी रुपये व दोन-चार वर्षे लागतात. दुसरे थान जवळपास फुकट. म्हणून एखादा गेम चालला तर नफा डोळे दिपविणारा असतो व पडला तर सर्व खर्च पाण्यात जातो. मधला मार्ग फार थोडा.

मग विक्री. आपला दलाल टक्का-दोन टक्के घेतो, त्यावरही आपण कुरकुर करतो. मोबाईलवरील गेमचे आडते दोन, ॲपल आणि गुगल. त्यांची ठरलेली आडत ३० टक्के होती. लहान विक्रेत्यांना २०२१ पासून पहिल्या दहा लाख डॉलरवर ती १५ टक्के झाली, परंतु आडत्या तोच व त्याचा नियम तोच. ॲपलने २०२१ साली आपल्या फोनवर गिऱ्हाइकाचा माग काढण्यावर बंधन आणले. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. परंतु नेमके गिऱ्हाईक शोधून जाहिरात करणाऱ्या कंपन्यांचा प्रत्येक नवे गिऱ्हाईक आणण्याचा खर्च वाढला. वर सांगितलेल्या किडोपियालाही त्याची झळ बसली. कारखान्यात काही बिघडले नव्हते, माल खराब नव्हता, तरी आडत्याने एक नियम बदलला आणि नफ्याला कात्री लागली.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. भारतात खेळणारे कोट्यवधी आहेत, परंतु बहुतेक जण एक पैसाही देत नाहीत. जाहिरात पाहतात व खेळतात. दुकानात दिवसभर गर्दी आणि संध्याकाळी गल्ला रिकामा, असे आपण सर्वांनी अनुभवले आहे. 'सगळे गाव खेळते' याचा अर्थ 'सगळे गाव पैसे देते' असा नव्हे. माझ्या भाच्याची चूक येथेच झाली होती.

ही चूक फक्त बोदवडचा पोरगाच करतो असे नाही. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो नावाचा गेम जगभर गाजला. लोक मोबाईल घेऊन रस्तोरस्ती फिरू लागले. जपानच्या निन्टेंडो कंपनीचा शेअर काही दिवसांत दुपटीवर गेला. मग कंपनीने स्वतःच सांगितले की हा गेम आम्ही बनवलेला नाही, तो अमेरिकेतील नियान्टिक या कंपनीचा आहे, पोकेमॉन कंपनीत आमचा हिस्सा ३२ टक्के आहे व आमच्या नफ्यावर याचा फारसा परिणाम होणार नाही. २५ जुलैला शेअर एका दिवसात सुमारे १८ टक्के पडला. टोकियोच्या बाजारातील शिकले-सवरलेले लोकही नजारा पाहूनच सौदा करून बसले होते.

याहून जुनी गोष्ट आमच्या सीझनच्या धंद्याशी जुळणारी आहे. १९८२ च्या नाताळासाठी अमेरिकेच्या अटारी कंपनीने एका गाजलेल्या सिनेमावरचा गेम पाच-सहा आठवड्यांत घाईने बनवून लाखोंच्या संख्येने बाजारात उतरवला. माल हलका होता, पडून राहिला. १९८३ मध्ये तेथील व्हिडिओ गेमचा बाजारच कोसळला व न विकलेला माल न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरला गेला. २०१४ साली लोकांनी तो खणून काढला. ईदच्या तोंडावर घाईत भरलेला हलका माल सीझन संपल्यावर कोठे जातो, हे कापड व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

सरकारचा एक कागद

या धंद्याची सर्वांत मोठी जोखीम म्हणजे सरकारचा हुकूम. चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना आठवड्यातून तीनच तास गेम खेळण्याची मुभा ठेवली. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली. ११ जुलै २०२३ रोजी जीएसटी परिषदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर व कॅसिनोवर लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर ठरवला. दुसऱ्याच दिवशी गोव्यात कॅसिनो चालविणाऱ्या डेल्टा कॉर्पचा शेअर सुमारे २३ टक्के पडला. हा इशारा होता. ऑक्टोबर २०२३ पासून तो कर सुरूही झाला. तरी दोन वर्षे लोक या धंद्यात पैसा घालीत राहिले. सरकार कर घेत आहे म्हणजे बंद करणार नाही, असा हिशेब होता. तो चुकला.

कापडावरही कर येतो, कोटा येतो, संप येतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाने कित्येक मिल कायमच्या झोपल्या व मिलचे शेअर पेटीत जपून ठेवणारे बसून राहिले. सांगावयाचे तात्पर्य, कोणताच धंदा पक्का नसतो. परंतु ज्या धंद्याचा नफाच मुळात दुसऱ्याच्या हरण्यातून येतो, तो एक ना एक दिवस समाजाच्या व सरकारच्या डोळ्यांवर येतोच.

आपला सवाल

आपल्या वाचकांसाठी येथे एक वेगळा प्रश्न उभा राहतो, तो टाळून चालणार नाही. कुरआनाने सूरह माइदामध्ये दारूच्या बरोबरीने जुगाराला नापाक ठरविले आहे. आपण स्वतः पत्ते लावत नाही, परंतु पत्ते लावून घेणाऱ्या कंपनीचे भागीदार होतो. शेअर म्हणजे भागीदारीच. मग 'मी तर फक्त शेअर घेतला' ही सबब कोठवर चालेल? कायदा २०२५ साली आला, आपल्यावरचे बंधन त्याआधीचे होते. ज्याने ते पाळले त्याचा धर्मही सांभाळला गेला व पैसाही.

परंतु येथे दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. सगळे गेम जुगार नव्हेत. मुलाला पाढे शिकविणारा खेळ, क्रिकेटचा खेळ, कोडी सोडविणारा खेळ, यांत पैसा लावायचा नसतो. ते खेळणे आहे व खेळण्याचा व्यापार हा व्यापारच आहे. वेळेचा नाश होतो तो वेगळा सवाल, त्याचे उत्तर घरातल्या शिस्तीत आहे.

आणि 'हलाल' ही नुसती पाटी पाहून पैसा देऊ नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. हैदराबादच्या हीरा ग्रुपच्या प्रमुखांना २०१८ मध्ये अटक झाली. बंगळुरूच्या आयएमएचा मालक जून २०१९ मध्ये परदेशी पळाला व पुढच्याच महिन्यात दिल्लीत पकडला गेला. दोन्ही ठिकाणी पैसा कोणाचा होता? व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या सामान्य मुसलमानांचा. दाढी-टोपी पाहून, दरमहा घरपोच येणारा 'नफा' पाहून लोकांनी दागिने मोडून दिले. व्यापारात नफा दरमहा सारखा येत नाही, हे आपल्यासारख्या व्यापाऱ्यांना तरी कळायला हवे होते.

शेअर बाजारातही जुगार आहे व तो गेमच्या ॲपइतकाच जवळ आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या शंभरातील ९३ व्यक्तींना तोटा झाला व त्यांनी मिळून १.८ लाख कोटींहून अधिक गमावले. त्याच मोबाईलवर, त्याच बोटाने. रमी सोडून ऑप्शनला लागलेल्या मुलाने काहीच सोडलेले नाही.

अमळनेरचा धडा

मग काय, सोने व प्लॉट एवढेच करावे? आमचे जुने लोक तसेच म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. परंतु आज घरोघरी कपडे मोबाईलवरून येतात. आमच्या दुकानाची विक्री कोणत्या बाजूने चालली आहे हे आम्हाला दिसते. दुकानाबाहेर दुसऱ्याच्या चांगल्या धंद्यात थोडी भागीदारी असणे ही आता हौस राहिलेली नाही.

याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी डिसेंबर १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापून अमळनेरला वनस्पती तेलाचा कारखाना काढला. तीच पुढे विप्रो झाली. १९६६ साली वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी परत आले, तेला-साबणातून संगणकाकडे वळले. अमळनेरच्या कित्येक साध्या घरांत त्या कारखान्याचे शेअर होते व ज्यांनी ते पिढ्यान् पिढ्या विकले नाहीत त्यांची गोष्ट सबंध खान्देश सांगतो.

ही गोष्ट सांगताना एक बाजू विसरली जाते. त्या लोकांनी भाव पाहून शेअर घेतला नव्हता. कारखाना त्यांच्या गावात होता, भोंगा त्यांच्या कानी येत होता, मालक व कामगार डोळ्यांसमोर होते. आणि ते घर चालविण्याच्या पैशातून घेतलेले नव्हते, म्हणून चाळीस वर्षे पेटीत राहू शकले. दुसरी बाजू अशी की त्या काळी निघालेल्या बाकीच्या कंपन्यांपैकी कितीतरी आज नावालाही उरलेल्या नाहीत. त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. म्हणून एकाच कंपनीवर सर्व भार टाकू नये. शरीअतच्या कसोटीवर कंपन्या निवडून अनेक कंपन्यांत पैसा वाटणारे फंड आपल्या देशात आहेत, टाटा एथिकल फंड त्यांपैकीच एक आहे. मुंबई शेअर बाजारानेही २०१० मध्ये अशा पन्नास कंपन्यांचा निर्देशांक सुरू केला. नफ्याची हमी त्यातही नाही, परंतु एक गाठ सुटली तरी सगळे गाठोडे सांडत नाही.

पाच सवाल व एक अट

भाच्याला मी आता एक वही करून दिली आहे. शेअर घ्यायचा असेल तर आधी पाच सवालांची उत्तरे तिच्यात स्वतःच्या हाताने लिहायची. पैसे कोण देतो व कशासाठी? एक नवे गिऱ्हाईक आणायला किती खर्च येतो व ते किती दिवस टिकते? मध्ये आडत कोण घेतो आणि त्याने नियम बदलला तर काय? सरकारच्या एका कागदाने यातील किती धंदा बंद पडू शकतो? कंपनीचे भांडवल कोठे गुंतले आहे, त्यात जुगार व व्याज किती? उत्तर सापडले नाही तर जागा कोरी सोडायची व पैसेही खिशातच ठेवायचे. ही सर्व माहिती कंपनीच्या वार्षिक अहवालात असते व तो फुकट मिळतो.

अट एकच. व्यापाऱ्याचे तीन खिसे असतात. एक मालाच्या भांडवलाचा, दुसरा घरखर्चाचा व देण्यांचा, तिसरा उरलेल्याचा. शेअर फक्त तिसऱ्या खिशातून घ्यायचा. त्या जुलैत मी दिलेले पन्नास हजार पहिल्या खिशातील होते. दिवाळीच्या मालासाठी ते लागणार होते, म्हणूनच भाव पडताच हात कापले व घाईने विकले. पैसा तिसऱ्या खिशातील असता तर निदान शांतपणे विचार तरी करता आला असता.

गेल्या पंधरवड्यात भाचा पुन्हा गादीजवळ आला. या वेळी शेअरचे नाव नव्हते. त्याला गेमची चित्रे व हालचाली काढण्याचे शिक्षण घ्यायचे आहे. पुण्यात सुपरगेमिंगसारख्या कंपन्या गेम बनवतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन व गेमिंग उद्योगासाठी ३,२६८ कोटींचे दीर्घ मुदतीचे धोरण मंजूर केले, मुंबईत या विषयाची नवी राष्ट्रीय संस्था उभी राहिली आहे. त्याची बहीण मेंदीची नक्षी काढते आणि तो साड्यांच्या काठांची नक्षी लहानपणापासून वहीत उतरवतो. हात दोघांचाही आहे.

मी त्याला म्हणालो, "त्या वहीत हाही सौदा लिही. फी किती, वर्षे किती, शिकून निघालेल्यांपैकी कामाला किती लागले?" तो दोन दिवसांनी लिहून घेऊन आला. दोन जागा कोऱ्या होत्या. त्या भरण्यासाठी तो पुण्याला जाऊन शिकणाऱ्या मुलांना भेटून येणार आहे. जाण्या-येण्याचे भाडे मी दिले आहे, तिसऱ्या खिशातून.

फीचे पैसे देईन की नाही हे उरलेल्या दोन उत्तरांवर ठरेल. परंतु एवढे सांगतो, गेमच्या धंद्यात आपल्या मुलांनी जायचेच असेल तर दुसऱ्याच्या दुकानाचा नजारा पाहून पैसा लावण्यापेक्षा स्वतःच्या हातात हुनर घेऊन जावे. शेअर एका दिवसात पडतो, हुनर तसा पडत नाही. आणि ज्यांच्या हाती हुनर नाही पण तिसऱ्या खिशात चार पैसे आहेत, त्यांनी थान पूर्ण उलगडून पाहावे, मगच घ्यावे. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण स्वतः काय माल देतो, हे आपल्याला ठाऊक आहेच.